न मोजलेली वर्षे

'पेन्शन' हा शब्द आपल्या वस्त्यांत जितक्या आदराने उच्चारला जातो, तितक्या आदराने दुसरा कोणताही सरकारी शब्द उच्चारला जात नाही. सोयरीक जुळवताना 'मुलाच्या बापाला पेन्शन आहे' एवढ्या एका वाक्याने बैठकीचा नूर बदलतो. पेन्शन म्हणजे म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, याची हमी. पण पेन्शन कशावर मिळते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. ती नुसत्या कामावर मिळत नाही. ते काम अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या माणसाने केले, अशी नोंद कोणीतरी सेवापुस्तकात करावी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे निवृत्तिवेतनासाठी निदान १० वर्षांची 'अर्हताकारी सेवा' लागते. माणूस ३० वर्षे राबला, पण त्यातली अर्हताकारी वर्षे १० भरली नाहीत, तर नियमाच्या लेखी तो पेन्शनीएवढा राबलाच नाही. कोणाची वर्षे मोजली जातात आणि कोणाची नाहीत, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. मुळात तो आपल्या सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे मी वळलो त्याला निमित्त झाले. चिंचपोकळीला आमच्या चाळीत मी शिकलेला, म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले आहे. रेशनकार्डापासून ग्रॅच्युइटीपर्यंत सारे अर्ज मी लिहितो. गेल्या वर्षी शेजारचे एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन आले. झाडूकामात त्यांची हयात गेली. आधी ठेकेदाराकडे, मग रोजंदारीवर, मग बदली म्हणून आणि सरतेशेवटी कायम. कायम झाल्यापासूनची वर्षे १० ला काही महिने कमी पडत होती. मी नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, एवढे कायदे होतात. माझ्या एकट्यापुरता एक कायदा नाही का व्हायचा? तेवढे महिने जोडून घ्या, एवढाच."

हा प्रश्न भोळा वाटेल, पण तसा तो नाही. जगात असे कायदे होतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे विधिमंडळ एखाद्या गावच्या एकाच नोकराची सेवा पेन्शनीसाठी वाढवून धरावी, असा कायदा त्याच्या नावानिशी करू शकते आणि करीत आले आहे. आपल्याकडेही 'कायदा सर्वांसाठी असतो, एकासाठी नसतो' असे म्हणून हा विषय झटकता येत नाही. सोलापूरच्या स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी बंद पडली, तेव्हा संसदेने १९५० साली त्या एका कंपनीसाठी स्वतंत्र कायदा केला. घटनेतील समानतेच्या कलमावर बोट ठेवून एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने निकाल दिला, की विशेष कारण असेल तर एकटी व्यक्ती किंवा एकटी कंपनी हाच एक वर्ग मानता येतो. म्हणजे एकासाठी कायदा करण्याची वाट महाराष्ट्रातल्याच एका गिरणीने घटनेच्या पहिल्या वर्षातच उघडून दिली. प्रश्न उरतो तो असा, की ही वाट कोणासाठी उघडते आणि उघडली तरी माणसाच्या श्रमाचे खरे नाव घेऊन उघडते काय?

याचे एक उत्तर अमेरिकेच्या इतिहासात मिळते. त्या इतिहासाशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करून. त्याच्या १० वर्षे आधी, जून १८६३ मध्ये, दक्षिण कॅरोलायनातील कोंबाही नदीवर उत्तरेच्या सैन्याने एक छापा घातला आणि एका रात्रीत ७०० हून अधिक गुलाम मुक्त केले. त्या छाप्याची वाट दाखवणारी आणि आधी हेरगिरी करून माहिती आणणारी बाई म्हणजे हॅरिएट टबमन. स्वतः गुलामीतून पळालेली, नंतर पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणणारी. यादवी युद्धात तिने सैन्यासाठी परिचारिका, वाटाड्या आणि हेर अशी तिन्ही कामे केली.

युद्ध १८६५ ला संपले. तिला पेन्शन नव्हती, कारण सैन्याच्या हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. काम होते, पण नोंद नव्हती. १८७४ साली तिला २,००० डॉलर द्यावेत असे विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. पुढे तिचा नवरा नेल्सन डेव्हिस १८८८ साली वारला. तो काळ्या पलटणीतला शिपाई होता, त्याचे नाव पटावर होते. म्हणून १८९५ साली तिला महिना ८ डॉलर पेन्शन सुरू झाली, ती त्याची विधवा म्हणून. मग तिच्या स्वतःच्या कामाची दखल घ्यावी यासाठी काँग्रेसमध्ये तिच्या एकटीसाठी विधेयक मांडले गेले. महिना २५ डॉलरची मागणी होती. घासाघीस होऊन २० डॉलर ठरले. परिचारिकांना त्या काळी १२ डॉलर मिळत. विधवेचे ८ आणि परिचारिकेचे १२, असा तो हिशेब. फेब्रुवारी १८९९ मध्ये हा कायदा झाला, युद्ध संपून ३४ वर्षे उलटल्यावर. आणि त्या कायद्याच्या मजकुरात ती कोण आहे? नेल्सन डेव्हिसची विधवा. हेरगिरीची आणि त्या छाप्याची किंमत शून्य धरली गेली. पुढे २००३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने तिच्या स्मारकासाठी ११,७५० डॉलर दिले, ती तुटलेल्या पेन्शनीची भरपाई म्हणून. तोवर तिला जाऊन ९० वर्षे झाली होती.

टबमनच्या कायद्यावरून दोन गोष्टी दिसतात. एकासाठी कायदा करता येतो, ही पहिली. दुसरी अशी, की शोषिताला राज्य जेव्हा काही देते, तेव्हा त्याचे श्रम मान्य करण्याऐवजी त्याचे कोणाशी तरी असलेले नाते मान्य करणे त्याला सोपे जाते. हे दुसरे सूत्र घेऊन आपण आपल्या इतिहासाकडे येऊ.

आपल्या चळवळीच्या पायाशी पेन्शन आहे, हे क्वचितच कोणी सांगते. इंग्रजांच्या लष्करात महारांनी नोकरी केली आणि तिथे पहिल्यांदा राज्याने आमच्या माणसाची वर्षे मोजली. नाव, पलटण, भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख. निवृत्त झालेले हे लोक दापोलीच्या परिसरात स्थायिक झाले. गावच्या बलुत्यावर ते अवलंबून नव्हते, म्हणून गावाच्या तोंडाकडे पाहून बोलण्याची त्यांना गरज नव्हती. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. सैन्यातून निवृत्त झाल्यावर १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८९४ साली त्यांनीच त्याविरुद्ध अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळ यांनीही लष्करी शाळेतल्या नोकरीच्या पेन्शनीच्या आधारावर मुलांच्या शिक्षणाचा हट्ट धरला. त्या घरातून कोण घडले, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. महिन्याच्या महिन्याला येणारी ती ठरावीक रक्कम गावापासून सुटका करणारी होती. म्हणून भरती बंद होणे म्हणजे नुसती नोकरी जाणे नव्हते. वर्षे मोजणारे एकमेव दप्तर आमच्यासाठी बंद झाले.

उरले ते गावचे दप्तर. आणि तिथे माणूस मोजलाच जात नसे. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने महारकी सरकारी चौकटीत बसवली. महार सरकारचा नोकर ठरला, पण नोकरी माणसाची नसून घराण्याची. माझ्या आजोबांनी येसकरपाळी केली. पाळी असली की दिवस-रात्र कामावर. तराळकी करायची, सारा वसुलीला हाकारे घालायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेली गुरे ओढायची. ते आजारी असले तर त्यांचा भाऊ, भाऊ नसला तर पोर. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त 'महार आणि त्यांचे वतन' या लेखांतून हाच मुद्दा मांडला आणि मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यांनी दाखवून दिले, की चोवीस तास बांधलेल्या या नोकराला सरकारकडून रोख मिळते ते काही ठिकाणी महिना दोन आणे, फार तर दीड रुपया. बाकीचे बलुत्यावर, म्हणजे गावच्या मर्जीवर. विधेयकात मागणी काय होती? बलुत्याऐवजी रोकड वसूल करून पगार द्या, कामे ठरवून द्या, ज्याला वतन सोडायचे त्याला सोडू द्या. सोप्या भाषेत सांगायचे तर, घराण्याच्या गुलामीचे माणसाच्या नोकरीत रूपांतर करा. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले, तिथे त्याचा जीव काढून घेतला गेला आणि १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

वतन गेले ते ३० वर्षांनी. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबईचा १९५८ चा कायदा १९५९ मध्ये अमलात आला. पिढ्यानपिढ्यांची सरकारी सेवा त्या दिवशी संपली. कोणत्याही नोकरीचा शेवट झाला की मालक नोकराला काहीतरी देतो. येथे उलटे झाले. वतनाची जमीन सरकारजमा झाली आणि ती परत हवी असेल तर वतनदाराने पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम कब्जेहक्काची किंमत म्हणून सरकारला भरायची. भरली तरी कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही. येसकरपाळीची एकही रात्र कोणी मोजली नाही. वतनाचा अंत आवश्यक होता, बाबासाहेबांचीच ती मागणी होती. पण ज्या नोकराच्या सेवेचा हिशेब करायचा, त्याच्याकडूनच पैसे मागण्याची ही रीत पेन्शनीच्या इतिहासात नोंदवून ठेवली पाहिजे.

गाव सोडून माणसे मुंबईला आली. गिरण्यांत आली, गोदीत आली आणि मोठ्या संख्येने म्युनिसिपालिटीच्या झाडूखात्यात आली. चिंचपोकळी स्टेशनातून पश्चिमेला उतरून सात रस्त्याकडे निघाले की कस्तुरबा रुग्णालय लागते. एकेकाळी ते आर्थर रोड हॉस्पिटल होते. १८९६ च्या प्लेगात रोग्यांना सक्तीने येथे आणले जाई. त्या रागाने ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर हल्ला केला, हे इतिहासाच्या पुस्तकांत आढळते. त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी सक्तीचे नियम सौम्य केले, त्याचे एक मोठे कारण त्यांच्याच अहवालात आहे. पालिकेच्या दप्तरात ज्यांना हलालखोर म्हणत, ते सफाई कामगार घाबरून शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही ती भीती. गुजरात-काठेवाडातून आलेले मेघवाळ आणि वाल्मिकी बांधव, कोकण-देशावरून आलेले महार, यांच्या हातात त्या महिन्यात या शहराचा जीव होता. आणि साहेबाला ते ठाऊक होते.

ज्याच्यावाचून शहर चालत नाही, त्याला धरून ठेवण्याचे दोन मार्ग असतात. एक, त्याला इतके द्यावे की तो जाऊ नये. दुसरा, जाणे हाच गुन्हा ठरवावा. मुंबई इलाख्याने दुसरा मार्ग आधीच पत्करला होता. १८९० च्या म्युनिसिपल नोकरांविषयीच्या कायद्याने आगाऊ न कळवता काम सोडणाऱ्या सफाई कामगाराला कैदेत टाकता येत होते. म्हणजे वर्षे मोजायला दप्तर नव्हते, पण गैरहजेरीचा दिवस मोजायला फौजदारी कायदा होता.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली. संघटना झाल्या, कायम कामगारांना पेन्शन मिळाली, त्या पेन्शनीवर मुले शिकली. आज आमच्यात जे शिक्षक, कारकून, नर्स दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या पाठीशी कायम झालेला एक झाडूवाला बाप किंवा आई आहे. हे मिळवलेले आहे, कोणी दान दिलेले नाही. मात्र त्यातही जुन्या वतनाची सावली आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून १९७५ पासून सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी देण्याची तरतूद झाली. बेकारीच्या दिवसांत ही तरतूद आमच्या घरांना जगवणारी ठरली, म्हणून तिच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. तरी विचार केला पाहिजे. या तरतुदीने झाडू वारशाने मिळतो, वर्षे मिळत नाहीत. बापाच्या जागी आलेला पोरगा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. राज्याने पुन्हा घराणे ओळखले. अन्य कोणत्या सरकारी कामात असा वारसा मोठ्या आनंदाने दिला जातो, हे ज्याचे त्याने शोधावे.

नंतर ठेकेदारी आली आणि वारसाही गेला. मुंबईत कचरा उचलणाऱ्या हजारो कामगारांना ठेकेदारांमार्फत आणि संस्थांमार्फत लावण्यात आले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढा दिला, तेव्हा ही माणसे कामगार नसून स्वयंसेवक आहेत, त्यांना मिळते तो पगार नसून मानधन आहे, असा पवित्रा महापालिकेने घेतला. १९२८ साली महार हा नोकर की वतनदार, हा घोळ होता. ८० वर्षांनी तोच माणूस कामगार की स्वयंसेवक, हा घोळ सुरू झाला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली २,७०० कामगारांच्या बाजूने निवाडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हा मोठा विजय होता. पण या लढ्यात गेलेल्या वर्षांकडे पाहा. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या नेमणुकांना आणि मुंबई महापालिकेने ५ मे २००८ नंतरच्या नेमणुकांना जुन्या पेन्शनीऐवजी अंशदानाची नवी योजना लागू केली. त्यामुळे माणूस कोणत्या तारखेपासून 'कामगार' मानला गेला, हा प्रश्न केवळ मानाचा राहिला नाही. त्या एका तारखेवर म्हातारपण कसे जाईल, हे ठरू लागले.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहू. कायद्याने वर्षे जोडता येतात काय? येतात. वकिलीतून उच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्यांची न्यायाधीशपदाची वर्षे पेन्शनीला कमी भरत. जिल्हा न्यायालयांतून बढती मिळालेल्यांची आधीची सेवा मात्र धरली जाई. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद दूर केला आणि २०१६ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. अशा न्यायाधीशाच्या सेवेत पेन्शनीपुरती १० वर्षे जोडली जावीत, असे कलम त्यात घातले. ती १० वर्षे त्यांनी सरकारची नोकरी केलेली नव्हती. बाहेरचा अनुभवही अनुभवच आहे, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो पटतो. आमदारांचेही असेच. महाराष्ट्र विधिमंडळ सदस्यांच्या पेन्शनीचा कायदा १९७६ चा. त्यात अनेकदा दुरुस्त्या झाल्या आणि २०१६ साली माजी आमदाराची किमान पेन्शन महिना ५०,००० रुपये झाली. एकदा निवडून आलेल्यालाही ती लागू आहे.

आणि कायद्याने वर्षे पुसताही येतात. २०१९ साली उत्तर प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कामापुरत्या आस्थापनेवर राबलेल्यांची कायम होण्याआधीची सेवाही पेन्शनीसाठी धरा. ३०-३० वर्षे राबवून घेऊन ती सेवा नव्हतीच असे म्हणणे न्यायालयाला अन्यायाचे वाटले. त्यावर उत्तर प्रदेश सरकारने आधी वटहुकूम काढला आणि २०२१ मध्ये कायदा केला. पेन्शनीची सेवा म्हणजे नियमानुसार नेमणूक झाल्यापासूनचीच सेवा, अशी व्याख्या करून तो कायदा १ एप्रिल १९६१ पासून अमलात आल्याचे मानले. ६० वर्षे मागे जाऊन लेखणीने माणसांची वर्षे खोडता येतात, हे त्याने दाखवून दिले. ज्या शब्दांनी न्यायाधीशांच्या खात्यात १० वर्षे जमा झाली, त्याच जातीच्या शब्दांनी मजुरांच्या खात्यातून दशके वजा झाली. कायद्याची ताकद दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तो कोणाची वर्षे सभागृहाला स्वतःच्या वर्षांसारखी वाटतात, एवढाच.

१७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून उपजलेला हक्क आहे, असे ठासून सांगितले. देशभरचे निवृत्त कर्मचारी तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. आपणही पाळावा. पण त्या निकालाने ज्यांचे नाव पटावर आहे त्यांच्यातला भेद मिटवला. ज्यांचे नाव पटावर येऊच दिले गेले नाही, त्यांचे काय, हा प्रश्न तसाच उरला.

म्हणून एका माणसासाठी कायदा मागण्यात मला लाज वाटत नाही, पण त्यात आपले भागणार नाही. टबमनला मिळाला तसा एकटीचा कायदा राज्याला परवडतो, कारण त्यात नियम बदलावा लागत नाही. एका म्हाताऱ्याला दिले आणि हजारांना गप्प केले, असे त्याने साधते. आपली मागणी वर्गाची असली पाहिजे आणि ती दोन ओळींत मांडता येते. सफाईच्या कामात ठेक्यावर, रोजंदारीवर, बदलीवर किंवा मानधनावर सार्वजनिक संस्थेसाठी काढलेली सर्व वर्षे पेन्शनीसाठी सेवा धरावीत. आणि नोंद नसल्याचा दोष नोंद न करणाऱ्याच्या माथी असावा, राबणाऱ्याच्या नव्हे. न्यायाधीशांसाठी संसदेला जे कलम सुचले, ते झाडूवाल्यांसाठी सुचायला बुद्धी कमी पडत नाही, इच्छा कमी पडते.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. हजेरीची कार्डे, ठेकेदाराने दिलेल्या चिठ्ठ्या, ओळखपत्रे, बँकेची जुनी पासबुके, मुकादमाच्या सहीचा कागद, यांतले काहीही रद्दीत जाऊ देऊ नका. शिकलेल्या मुलांनी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक सफाई कामगाराकडे बसून त्याच्या कामाची सालवार यादी लिहून काढावी, तारीख आणि जागेसह, आणि सोबतच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. वलंगकरांच्या पिढीची वर्षे लष्कराने लिहून ठेवली. आजोबांच्या पिढीची कोणी लिहिली नाहीत. आपल्या आईबापांची आपण लिहायची आहेत.